बिली द किडच्या गोष्टीतला तो आयरिश दुकानदार नक्की कोण होता?

पोटमाळा

शनिवारी झोप लागेना म्हणून बिली द किडवरचा, म्हणजे जुन्या अमेरिकन पश्चिमेतल्या त्या तरुण बंदूकबाजावरचा, एक जुना पिक्चर लावला. घोडे, धूळ, ढिश्क्याँव, सगळं नेहमीचंच. पण माझं लक्ष भलतीकडेच गेलं. यातला मुख्य खलनायक ना दरोडेखोर ना शेरीफ, चक्क दुकानदार आहे! साखर, कापड, खिळे, पीठ विकणारा माणूस, आयर्लंडहून आलेला. गाव म्हणाल तर एक रस्ता आणि दोन्ही बाजूला मातीची घरं, आणि तरी शेरीफ याच्या खिशात, जज खिशात, मिलिटरीवाले याच्याकडे जेवायला.

मग जरा शोधाशोध केली तर मर्फी, डोलन, रायली, ब्रेडी अशी नावंच नावं यायला लागली, सगळे आयरिश, आणि माझा पार गोंधळ उडाला. हा माणूस खरंच होता का? आणि होता तर न्यू मेक्सिकोच्या त्या ओसाड कोपऱ्यात एका किराणा दुकानदाराकडे एवढी ताकद आली कुठून? पिक्चरमध्ये शेवटी त्याला गोळी लागते आणि टाळ्या पडतात, पण ते काही मला पटलं नाही, असली माणसं इतक्या सोयीने मरत नाहीत. कोणी नीट वाचलंय का यावर? नुसत्या लिंका नका टाकू प्लीज.

रात्रपाळी

आधी तुमचा गुंता सोडवतो. पिक्चरवाले दोन माणसांचा एक करून टाकतात. मर्फी वेगळा, डोलन वेगळा. मर्फी मालक, डोलन त्याचा कारकून, आणि पुढे कारकुनाने दुकान घेतलं. रायली हा डोलनचा भागीदार. ब्रेडी हा शेरीफ. चौघंही जन्माने आयरिश, एवढं तुमचं बरोबर आहे.

लॉरेन्स मर्फी आयर्लंडमधल्या वेक्सफर्डचा. अमेरिकेत येऊन सैन्यात गेला, अमेरिकेच्या यादवी युद्धात न्यू मेक्सिकोच्या स्वयंसेवक पलटणीत होता, त्यामुळे शेवटपर्यंत लोक त्याला मेजर म्हणायचे. युद्ध संपल्यावर एमिल फ्रिट्झ नावाच्या जर्मन अधिकाऱ्याबरोबर भागीदारी करून त्याने फोर्ट स्टँटनच्या छावणीत दुकान टाकलं, म्हणजे शिपायांचा पगार झाला की तो फिरून परत यांच्याच गल्ल्यात.

जेम्स उर्फ जिमी डोलनचा जन्म २ मे १८४८ चा, काउंटी (म्हणजे जिल्हाच) गॉलवेमधल्या लॉखरे गावातला. बटाट्याचं पीक रोगाने जाऊन आयर्लंडमध्ये पडलेला तो मोठा दुष्काळ तेव्हा ऐन भरात होता. पोरगा सहा वर्षांचा असताना १८५४ मध्ये घरचे न्यूयॉर्कला आले. तिथे लहानपणीच दुकानात कामाला लागला, पंधराव्या वर्षी युनियनच्या (उत्तरेकडच्या) सैन्यात ड्रम वाजवणारा पोऱ्या म्हणून भरती. युद्धानंतर परत नियमित सैन्यात, तिथून बदली होत होत फोर्ट स्टँटन, आणि १८६९ मध्ये तिथेच सुटका. वय २१, खिशात फारसं काही नाही. न्यूयॉर्कला परत जाण्याऐवजी तो मर्फीच्या दुकानात कारकून म्हणून राहिला.

अंगापिंडाने लहानसा पण डोकं भयंकर तापट. १८७३ मध्ये त्याने छावणीतल्या कॅप्टन रँडलेटवर पिस्तूल चालवायचा प्रयत्न केला आणि त्या प्रकरणावरून सैन्याने अख्खं दुकानच छावणीतून हाकललं. मग ही मंडळी नऊ मैलांवरच्या लिंकन गावात गेली आणि तिथे दोन मजली दुकान बांधलं. सगळी घरं बसकी आणि मधे हा एकच वाडा, म्हणून लोक त्याला नुसतं "द हाऊस" म्हणायचे. पुढे या धंद्याचंही नाव तेच पडलं.

फ्रिट्झ १८७४ मध्ये जर्मनीला घरी गेलेला असताना वारला. मर्फीची तब्येत दारूने खाल्ली, तो १८७७ मध्ये बाजूला झाला आणि डोलनने रायलीला घेऊन धंदा हातात घेतला. मर्फी १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये सांता फेला आजारपणात गेला. त्याला कोणी गोळीबिळी घातली नाही, ते पिक्चरवाल्यांचं आपलं काहीतरी.

जुनी_वही

रात्रपाळी यांनी माणसं सांगितली, मी धंदा सांगते, कारण खरी मजा तिथे आहे. (मजा म्हणजे आपल्यासाठी. तिथल्या शेतकऱ्यांना नसेल आली.)

पिस्तूल विसरा, खातेवही डोळ्यासमोर आणा.

लिंकन काउंटी तेव्हा अख्ख्या अमेरिकेतली सगळ्यात मोठी काउंटी होती, न्यू मेक्सिकोचा जवळपास पाचवा हिस्सा, म्हणजे आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकाएवढी भरेल साधारण. आणि माणसं किती, तर लिंकन गावात चार-पाचशे, बाकी नदीकाठाने विखुरलेले मळे. रेल्वे नाही. बँक नाही. रोख पैसा जवळपास नाहीच. बाहेरून डॉलर येण्याच्या वाटा मोजून दोन, एक फोर्ट स्टँटन आणि दुसरी मेस्कलेरो अपाचे या मूळनिवासी जमातीसाठीची सरकारी एजन्सी. सैन्याला मका, पीठ, बीफ, गवत लागायचं आणि अपाचेंना सरकारने कबूल केलेलं रेशन द्यायला गुरं आणि पीठ लागायचं. या दोन नळांवर ज्याचा हात, त्याचीच काउंटी.

आता हे कंत्राट कोणाला मिळणार? बोली लावायची, जामीन द्यायचा, माल वेळेत नाही दिला तर भरपाई. रिओ बोनितोच्या काठी दहा एकर मका लावणाऱ्या स्पॅनिश बोलणाऱ्या शेतकऱ्याला हे शक्य नव्हतं. ते हाऊसला शक्य होतं. म्हणजे छावणी मका घेते शेवटी याच शेतकऱ्याचा, पण मधे हाऊस, आणि भाव हाऊस सांगेल तो.

बरं पीक येईपर्यंत शेतकरी खाणार काय? हाऊसमधून उधारीवर. बियाणं, कॉफी, साखर, कापड, नांगराचा फाळ, सगळं वहीत लिहून. किंमत किती लावली ते वहीतच कळणार, आणि वही दुकानदाराकडे. पीक आलं की हाऊस भाव ठरवून ते जमा करून घेणार आणि वजाबाकी झाली की दर वर्षी काहीतरी बाकी राहणारच. ती बाकी पुढच्या वर्षावर. सावकारी म्हणजे दुसरं काय असतं? फक्त इथे सावकार, किराणावाला, आडत्या आणि सरकारी कंत्राटदार हे चौघं एकाच काउंटरमागे उभे होते.

अजून एक गंमत. मर्फी लोकांना जमिनी "विकायचा", ज्या त्याच्या नव्हत्याच! सरकारी मोकळी जमीन. नवीन आलेल्या माणसाला कागदपत्रं समजत नाहीत, तो हप्ता भरतो, एखाद्या वर्षी हप्ता थकला की मर्फी जमीन परत घेणार आणि पुढच्याला विकणार. आणि तक्रार कुठे करायची? मर्फी स्वतः काही काळ तिथला प्रोबेट जज (वारसा-मृत्युपत्रांची प्रकरणं बघणारा) होता.

बीफचं तर विचारूच नका. जॉन चिझम या बड्या गुरंवाल्याचे कळप पेकोस नदीकाठी हजारोंनी चरत होते, त्यातून गुरं चोरणाऱ्या टोळ्या होत्या, आणि चोरीचं जनावर स्वस्त पडतं हे सांगायला नकोच. एजन्सीच्या कागदावर जेवढे अपाचे रेशन घेत होते तेवढे प्रत्यक्षात नव्हते असे आरोप तेव्हाच झाले होते. कागदावरच्या माणसाला खायला घालायला काहीच खर्च येत नाही.

पोटमाळा

बापरे. जुनी_वही ताई, हे कोणत्याच पिक्चरमध्ये दाखवत नाहीत!!

पण मग एक बाळबोध प्रश्न, लोकांनी दुसरीकडून माल का नाही घेतला? आणि दुसरं म्हणजे तो टन्स्टॉल, तो गोड गोरा इंग्रज, त्याने गरिबांसाठीच दुसरं दुकान काढलं ना? पिक्चरमध्ये तर तो संतच आहे, पोरांना वाचायला वगैरे शिकवतो.

जुनी_वही

दुसरीकडे म्हणजे कुठे? घोडागाडीने कित्येक दिवसांच्या अंतरावर. आणि वहीत बाकी असताना दुसरीकडे गेलात तर तुमचा मका कोण घेणार?

टन्स्टॉलबद्दल तुमचा भ्रमनिरास करते, सॉरी. जॉन टन्स्टॉल लंडनचा, हॅकनीतला, बाप पैसेवाला व्यापारी. १८७६ च्या शेवटी लिंकनला आला तेव्हा वय २३. त्याने घरी वडिलांना लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत आणि एका पत्रात तो सरळ लिहितो की या काउंटीत कोणीही कमावलेल्या प्रत्येक डॉलरमधला अर्धा आपल्याकडे यावा असा बेत आहे. संत वगैरे काही नाही, त्याला हाऊस मोडायचं नव्हतं, हाऊसच्या जागी बसायचं होतं. फरक एवढाच की याच्याकडे बापाचे पौंड होते आणि वागायला माणूस गोड होता.

१८७७ मध्ये त्याने वकील अलेक्झांडर मॅकस्वीनला हाताशी धरून, चिझमच्या पाठिंब्याने, हाऊसपासून चालत काही मिनिटांवर दुकान काढलं आणि वर लिंकन काउंटी बँक अशी पाटी लावली. हा मॅकस्वीन आधी मर्फीचाच वकील होता बरं का. म्हणजे वहीत काय काय लिहिलंय ते त्याला माहीत. डोलनच्या जागी तुम्ही असता तर तुमचीही झोप उडाली असती.

आणि आता मला सगळ्यात जास्त धक्का देणारी गोष्ट. १८७८ च्या सुरुवातीला हाऊस आतून पोकळ झालं होतं! सरकारकडून पैसे यायला उशीर व्हायचा, उधारी कागदावर ढीगभर पण वसूल होत नव्हती, देणेकऱ्याकडे नुसता मका आणि बोकड. जानेवारी १८७८ मध्ये डोलनने दुकान, माल, गुरं सगळं सांता फेचा वकील थॉमस कॅट्रन याच्याकडे गहाण टाकलं. कॅट्रन म्हणजे "सांता फे रिंग" म्हणून जी राजकारणी-वकील-बँकवाल्यांची टोळी होती तिचा मोठा मासा. म्हणजे शेतकरी डोलनच्या वहीत आणि डोलन कॅट्रनच्या वहीत. पुढची गोळाबेरीज आणि गोळीबार दोन्ही या एका महिन्याच्या संदर्भात वाचा, मग कळतं की तो माणूस माजलेला होताच पण घाबरलेलाही होता.

खडूस_काका

वरचं सगळं ठीक आहे पण मूळ मुद्दा राहिला. हे आयरिश विरुद्ध इंग्रज होतं. ज्यांच्या देशात लाखो माणसं उपाशी मेली आणि त्याच वेळी धान्य बोटीत भरून इंग्लंडला जात होतं, त्या देशातली ही पोरं. डोलन त्या दुष्काळातच जन्मला. आणि हजारो मैल लांब येऊन, सैन्यात घासून, कसंबसं एक दुकान उभं केलं तर तिथेही लंडनचा श्रीमंताचा पोरगा बापाच्या पैशावर येऊन सांगणार की अर्धा डॉलर माझा. मला तरी डोलनचा राग समजतो. अमेरिकन लोकांना नाही समजत कारण त्यांना इंग्रजी बोलणारा दिसला की हिरो दिसतो.

रात्रपाळी

काका, रागाचं समजू शकतो, पण हिशोब जुळत नाही. मर्फीचा पहिला भागीदार जर्मन होता. डोलनचा तारणहार कॅट्रन मिझुरीचा. ज्या शेतकऱ्यांना यांनी पिळलं ते कॅथलिकच, म्हणजे धर्माने यांचेच. उपाशी देशातून आलेल्या माणसाने दुसऱ्या गरिबाला उधारीत बुडवावं याला इंग्रज कसा जबाबदार?

मात्र आयरिश धागा अगदीच खोटा नाही, तो सैन्यातून येतो. यादवी युद्धात युनियनकडून आयर्लंडमध्ये जन्मलेले दीड लाखाच्या आसपास लोक लढले, नंतरही नियमित सैन्यात ते भरपूर होते. शहरात नोकरी मिळत नाही, सैन्यात जेवण, कपडे, पगार, आणि सुटका होते ती कुठल्यातरी सरहद्दीच्या छावणीत, जिथे तुमच्या ओळखीचे सगळे छावणीतले. मग दुकान टाकलं तर गिऱ्हाईक छावणी, कंत्राट देणारा जुना साहेब, शेरीफ जुना सैनिक. विल्यम ब्रेडी बघा, काउंटी कॅव्हनचा, १८२९ चा जन्म, वर्षानुवर्षं सैन्यात, मग लिंकनजवळ शेती, स्थानिक मेक्सिकन बाई बायको, मुलंबाळं, आणि शेरीफ. मर्फीचा जुना ओळखीचा आणि हाऊसचा देणेकरी. त्याला विकत घ्यायची गरजच नव्हती, तो आधीपासून त्याच कोंडाळ्यातला. सगळीकडे जिथे बाहेरून आलेल्या लोकांना आधार नसतो तिथे हे होतं, ओळखीचा ओळखीच्याला धरतो, आणि बाहेरच्याला ते कारस्थान दिसतं. कधी कधी असतंही.

खडूस_काका

हं. "कधी कधी असतंही" हे आवडलं. पण धान्याच्या बोटींचा मुद्दा मी सोडत नाही.

रात्रपाळी

नका सोडू 😀

आता पोटमाळांचा तिसरा प्रश्न, शेवट काय. जरा लांबण आहे, चहा घेऊन बसा.

भांडण पेटलं ते फ्रिट्झच्या विम्यावरून. मेलेल्या फ्रिट्झची दहा हजार डॉलरची पॉलिसी होती. ती वसूल करायचं काम मॅकस्वीनला दिलं, त्याने न्यूयॉर्कला जाऊन पैसे सोडवले, कमिशन वगैरे जाऊन सात हजारांच्या वर हातात राहिले आणि ते तो सोडेना. डोलनचं म्हणणं फ्रिट्झ हाऊसचं देणं लागत होता, पैसे आमचे. गहाण पडलेल्या माणसाला सात हजार म्हणजे केवढे ते बघा. कोर्टातून मॅकस्वीनच्या मालमत्तेवर जप्ती आणली, आणि टन्स्टॉल त्याचा भागीदार आहे असं म्हणून शेरीफ ब्रेडीने टन्स्टॉलच्या दुकानावरही जप्ती बसवली. त्याच्या थोडंच आधी टन्स्टॉलने पेपरला पत्र लिहून ब्रेडीवर कराच्या पैशांचा गैरवापर केल्याचा जाहीर आरोप केला होता, त्या पैशातून हाऊसवाल्यांनी गुरं घेतली म्हणून. छोट्या गावात पेपरात नाव घेऊन लिहिणं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको.

१८ फेब्रुवारी १८७८ ला जप्तीवाल्यांच्या तुकडीतल्या काही जणांनी टन्स्टॉलला डोंगरात गाठून गोळ्या घातल्या. वय २४. गोळी झाडणाऱ्यांत डोलन नव्हता. तो अशा वेळी बहुतेक वेळा दोन पावलं मागेच सापडतो.

पुढचं फटाफट सांगतो कारण ते सगळ्या पिक्चरमध्ये आहे. टन्स्टॉलची माणसं, त्यात बिली, रेग्युलेटर्स नाव घेऊन बदला घ्यायला निघाली. १ एप्रिलला भर रस्त्यात ब्रेडीला मारलं. जुलैत गावात पाच दिवस लढाई, छावणीतून कर्नल डडली गॅटलिंग गन (हाताने फिरवायची मशीनगन) आणि तोफ घेऊन आला, १९ जुलैला मॅकस्वीनचं घर जाळलं आणि तो मारला गेला.

आणि दुकान? दुकान या सगळ्याच्या मधेच बंद पडलं होतं! कॅट्रनने गहाणाचा ताबा घेतला, आपला मेव्हणा कारभार बघायला पाठवला. म्हणजे ज्या धंद्यासाठी माणसं मरत होती तो धंदा त्या उन्हाळ्यात डोलनचा राहिलाच नव्हता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

सांडणीस्वार

मी दोन वर्षं अल्बुकर्कीला होतो, तिथून लिंकन तीन-साडेतीन तास, एका वीकेंडला गेलो होतो. सांगतो काय दिसतं ते.

गाव अजून तसंच आहे, म्हणजे खरंच एकच रस्ता. वाढलंच नाही. रेल्वे तिथे कधी आलीच नाही, ती गेली कॅरिझोझोवरून, आणि १९०९ मध्ये लोकांनी काउंटीचं मुख्य ठिकाणही तिकडेच हलवायचा कौल दिला. त्यामुळे लिंकन जसं होतं तसं लोणच्यासारखं मुरून राहिलं, आता राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे.

हाऊसची इमारत पुढे काउंटीने कोर्ट म्हणून वापरली. म्हणजे ज्या दुकानाच्या वहीत अख्खी काउंटी अडकली होती तिथेच न्यायाधीश बसायला लागला, आणि बिलीला फाशीची शिक्षा झाल्यावर वरच्या मजल्यावर तिथेच ठेवला होता. २८ एप्रिल १८८१ ला दोन पहारेकऱ्यांना मारून तो तिथून पळाला. जिन्याच्या पायथ्याशी भिंतीत एक भोक काचेखाली जपून ठेवलंय, बिलीच्या गोळीचं म्हणून. खरं खोटं तो बिलीच जाणे. सगळे त्या भोकाचे फोटो काढतात. दुकानाचा काउंटर कुठे होता हे मी विचारलं तर गाईडने माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं.

टन्स्टॉलचं दुकानही आहे, आत फळ्यांवर जुना माल मांडून ठेवलाय, डबे, बाटल्या, चपला, शवपेटीचं सामानसुद्धा. दोन्ही दुकानांमधलं अंतर मी चालून बघितलं, निवांत चाललो तरी दहा मिनिटं नाही लागली. मधे एक दगडी गोल बुरूज आहे, अपाचेंच्या हल्ल्यांपासून लपायला बांधलेला. एवढ्याशा पट्ट्यात ही सगळी माणसं रोज सकाळी एकमेकांची तोंडं बघत होती. पुस्तकात "युद्ध" असं लिहिलेलं असतं ना, तिथे उभं राहिलं की ते गल्लीतलं भांडण वाटतं, फक्त प्रत्येकाच्या हातात विंचेस्टर रायफल.

मधली_सुट्टी

सगळे आयरिश दुकानदार असेच असं नका समजू, म्हणून एक वेगळं उदाहरण टाकते. मार्कस डेली. हाही काउंटी कॅव्हनचा, म्हणजे शेरीफ ब्रेडीच्याच काउंटीतला. १८४१ चा जन्म, पंधराव्या वर्षी एकटा न्यूयॉर्कला, मग कॅलिफोर्निया, नेव्हाडाच्या चांदीच्या खाणी, हाताने काम करत करत दगड वाचायला शिकला. मॉन्टानातल्या ब्यूटला अॅनाकोंडा नावाची चांदीची खाण घेतली, त्यात खाली तांब्याची प्रचंड शीर लागली, आणि ते तांबं गाळायला १८८३ मध्ये त्याने पंचवीसेक मैलांवर अख्खं नवीन गाव वसवलं. गावाचं नावही अॅनाकोंडा. भट्टी त्याची, हॉटेल त्याचं, पेपर त्याचा, रेल्वे त्याची. खाणीत आयरिश लोकांना हमखास काम, त्यामुळे वेस्ट कॉर्कच्या बंद पडत चाललेल्या तांब्याच्या खाणींतून माणसं थेट ब्यूटला यायची. अजूनही तिथे त्याचं नाव प्रेमाने घेतात.

(रेसच्या घोड्यांचं वेड होतं त्याला. टॅमनी नावाच्या लाडक्या घोड्याचं तोंड आपल्या हॉटेलच्या फरशीत लाकडाच्या तुकड्यांनी जडवून घेतलं होतं. अवांतर आहे पण मला फार आवडतं.)

जुनी_वही

मधली_सुट्टी, घोडा छान आहे, पण उदाहरण तितकंसं वेगळं नाही हो. भट्टी त्याची, पेपर त्याचा, रेल्वे त्याची, मग मत कोणाचं? १८९४ मध्ये राज्याची राजधानी हेलेना की अॅनाकोंडा यावर मतदान झालं तेव्हा डेली आणि त्याचा वैरी विल्यम क्लार्क दोघांनी पाण्यासारखा पैसा ओतला. हेलेना जिंकली. डेलीच्या गावात लोकांना पगार चांगला होता हे मान्य, आणि तो फरक मोठा आहे, पगार रोख मिळतो तेव्हा माणूस वहीत अडकत नाही. पण भट्टीच्या धुराने खालच्या खोऱ्यातली गुरं मरायला लागली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना त्याच्यानंतरच्या कंपनीशी कोर्टात भांडावं लागलं आणि ते हरले.

मधली_सुट्टी

मान्य. पण डोलनच्या दुकानात आणि डेलीच्या खाणीत मला निवड करायला सांगितली तर मी हेल्मेट घालून खाली जाईन. तेव्हा हेल्मेट नव्हती हेही माहितीये.

पोटमाळा

मंडळी, अपेक्षेपेक्षा फारच भारी धागा झाला. पण अजून मुख्य उत्तर राहिलं, डोलनचं पुढे काय? मर्फी मेला, दुकान गेलं, मग हा भिकेला लागला असेल ना?

रात्रपाळी

भिकेला? छे.

१८७९ च्या १८ फेब्रुवारीला, म्हणजे टन्स्टॉलला मारलं त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, डोलन आणि बिली यांनी गावात बसून समझोता केला. आता एकमेकांवर गोळी झाडायची नाही, साक्ष द्यायची नाही वगैरे. मग सगळे मिळून दारू प्यायले आणि रस्त्यात त्यांना भेटला चॅपमन, मॅकस्वीनच्या विधवेचा वकील, एका हाताने अधू. त्याला तिथेच गोळी घातली. डोलन आरोपींमध्ये होता. नवीन गव्हर्नर लू वॉलेस आला होता, त्याने डोलनला अटकही करवली. खटला सोकोरोला गेला आणि डोलन सुटला.

त्याच वर्षी जुलैत त्याचं लग्न झालं. कोणाशी? कॅरोलिन फ्रिट्झशी, ज्याच्या विम्यावरून सगळं पेटलं त्या एमिल फ्रिट्झच्या पुतणीशी.

पुढे हाच माणूस लिंकन काउंटीचा खजिनदार झाला. टेरिटरीच्या (न्यू मेक्सिको तेव्हा अजून राज्य झालं नव्हतं) विधिमंडळातही गेला. जुन्या लोकांच्या आठवणीत तो नीटनेटका, हिशोबाला चोख, प्रतिष्ठित गृहस्थ. १८९८ च्या फेब्रुवारीत, पन्नाशीच्या आत, आजारपणात वारला. फ्रिट्झ घराण्याच्या दफनभूमीत आहे. बिली त्याच्या सतरा वर्षं आधीच फोर्ट सम्नरला शेरीफ पॅट गॅरेटच्या गोळीने गेला होता, एकवीस-बावीस वर्षांचा.

सांडणीस्वार

गावात बिलीच्या नावाचं सगळं मिळतं, कॉफीचा मग, टोपी, कीचेन. डोलनचं काहीच नाही. मी शोधलं होतं.

पोटमाळा

खजिनदार!!! म्हणजे परत वहीच!

आणि टन्स्टॉलच्या दुकानाचं, रँचचं काय झालं? त्याच्या बापाने काही केलं नाही का, एवढा पैसेवाला होता तर?

जुनी_वही

केलं ना. बापाने लंडनहून ब्रिटिश परराष्ट्र खात्यामार्फत अमेरिकन सरकारकडे नुकसानभरपाई मागितली, कारण मारणारी तुकडी शेरीफची होती, म्हणजे सरकारी. वॉशिंग्टनचा ब्रिटिश राजदूत वर्षानुवर्षं पत्रं पाठवत राहिला. एक डॉलर मिळाला नाही.

रँच होतं रिओ फेलीझच्या काठी. ते शेवटी जिमी डोलनकडे गेलं.